चार्ल्स जॉर्ज ड्रेक

चार्ल्स जॉर्ज ड्रेक (जन्म : विंडसर, ऑन्टॅरिओ, २१ जुलै १९२०, मृत्यू : १५ सप्टेंबर १९९८) हे कॅनडातील जगप्रसिद्ध मेंदूशल्यचिकित्सक होते. मेंदूच्या मागील भागास रक्त पुरवणाऱ्या धमन्यांवरील अ‍ॅन्युरिझम, तसेच अडीच सेंटिमीटर किंवा त्याहून मोठे, म्हणजे महाकाय अ‍ॅन्युरिझम यांच्या शस्त्रक्रियेचे ते प्रवर्तक मानले जातात. त्यांच्या आधी यांतील बहुतेक रुग्णांना शस्त्रक्रियेचा पर्याय सुचवलाच जात नसे. ड्रेक यांचे नाव हस्तकौशल्यासाठी घेतले जातेच. परंतु आपल्या रुग्णांचे पुढे काय झाले याची चार दशके ठेवलेली आणि अपयशांसह प्रसिद्ध केलेली नोंद हे त्यांचे तितकेच मोठे काम आहे.

विकाराची ओळख

अ‍ॅन्युरिझम म्हणजे धमनीच्या भिंतीचा दुबळा झालेला भाग रक्ताच्या दाबाने बाहेर फुगून तयार झालेली पिशवी. मेंदूच्या तळाशी धमन्या जिथे दुभंगतात, तिथे असे फुगे बहुधा आढळतात. तो अवचित फुटला की मेंदूवरील आवरणांखाली रक्त पसरते. रुग्णाला आयुष्यात कधी झाली नसेल अशी तीव्र डोकेदुखी क्षणात सुरू होते, मान ताठरते आणि अनेकदा शुद्ध हरपते. मराठी घरांत मेंदूतल्या कोणत्याही रक्तस्रावाला सरसकट ब्रेन हॅमरेज म्हणतात. हा त्यातलाच एक प्रकार, मात्र त्याचे कारण आणि उपचार वेगळे आहेत. पहिल्या रक्तस्रावातून वाचलेल्या रुग्णाला खरा धोका असतो तो फुगा पुन्हा फुटण्याचा, आणि हा धोका सुरुवातीच्या दिवसांत सर्वाधिक असतो. फुग्याचे तोंड बंद करून त्यात रक्त शिरू न देणे हाच उपचाराचा गाभा.

२३ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात वॉल्टर डँडी यांनी मेंदूतील अ‍ॅन्युरिझमच्या मानेवर चांदीची छोटी क्लिप बसवून तो प्रथमच यशस्वीपणे बंद केला. ही क्लिप मूळची हार्वी कुशिंग यांची. तिला सुधारित रूप दिले होते टोरांटोच्या केनेथ मॅकेंझी यांनी. कुशिंग यांच्याकडे शिकलेले मॅकेंझी हे कॅनडाचे पहिले मेंदूशल्यचिकित्सक समजले जातात, आणि पुढे त्यांच्याच हाताखाली ड्रेक तयार झाले.

शिक्षण आणि उमेदवारी

ड्रेक यांनी ऑन्टॅरिओ प्रांतातील लंडन शहरातल्या वेस्टर्न ऑन्टॅरिओ विद्यापीठातून १९४४ साली वैद्यकीय पदवी मिळवली. लंडन हे नाव वाचून गोंधळ होण्याचा संभव आहे. हे इंग्लंडची राजधानी नसून कॅनडातील मध्यम आकाराचे शहर आहे. तेथील नदीचे नावही थेम्स हेच आहे, त्यामुळे घोटाळ्यात भरच पडते. ड्रेक यांची पुढील सारी कारकीर्द याच शहरात गेली.

मेंदूशल्यचिकित्सेचे प्रशिक्षण त्यांनी टोरांटो येथे मॅकेंझी आणि हॅरी बॉटरेल यांच्याकडे घेतले. बॉटरेल यांचा प्रभाव विशेष ध्यानात घ्यावा लागेल. अ‍ॅन्युरिझम फुटलेला प्रत्येक रुग्ण सारख्याच अवस्थेत रुग्णालयात येत नाही. कुणी चालत येतो, कुणी बेशुद्धावस्थेत आणला जातो. दोघांवरील शस्त्रक्रियांचे निकाल एकाच रकान्यात मांडले तर त्यांतून काहीच शिकता येत नाही. म्हणून बॉटरेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली अशा रुग्णांची अवस्थेनुसार श्रेणी लावण्याची पद्धत मांडली. निकाल लिहिण्यापूर्वी रुग्ण कोणत्या अवस्थेत होता ते लिहावे, ही शिस्त ड्रेक यांच्या लेखनात अखेरपर्यंत दिसते.

१९५२ साली ते लंडनला परतले आणि तेथील व्हिक्टोरिया रुग्णालयात काम करू लागले. शहरात त्यापूर्वी मेंदूशल्यचिकित्सक नव्हता. डोक्याला मार लागलेल्या अपघातग्रस्तापासून मेंदूतील गाठीपर्यंत सर्व रुग्ण त्यांच्याकडेच येत.

बॅसिलर धमनीचा प्रश्न

मानेतून कवटीत शिरणाऱ्या दोन मणकाधमन्या मस्तिष्कस्तंभापुढे एकत्र येऊन बॅसिलर नावाची एकच धमनी बनते. मस्तिष्कस्तंभात श्वसन, जागृती, गिळणे, डोळ्यांची हालचाल यांची केंद्रे असतात. बॅसिलर धमनीच्या टोकाशी झालेला अ‍ॅन्युरिझम कवटीच्या जवळजवळ मध्यबिंदूत, मस्तिष्कस्तंभाला खेटून असतो. मेंदूतील एकूण अ‍ॅन्युरिझमपैकी सुमारे एक-दशांशच मागील धमन्यांवर असतात, आणि त्यांतही तेथवर पोहोचण्याची वाट चिंचोळी, खोल व अंधारी. साहजिकच १९५०च्या दशकात अशा रुग्णांना बिछान्यावर झोपवून ठेवून रक्तदाब सांभाळणे, एवढाच उपचार होत असे.

ड्रेक यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस या अ‍ॅन्युरिझमवर थेट शस्त्रक्रिया सुरू केली. कानशिलाजवळ कवटी उघडायची, मेंदूचा शंखखंड हलकेच वर उचलायचा आणि त्याखालून बाजूने बॅसिलरच्या टोकापर्यंत जायचे, असा मार्ग त्यांनी निवडला. १९६१ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला पहिला निबंध अवघ्या चार रुग्णांवर आधारलेला होता. १९६५मध्ये ही संख्या चौदा झाली.

त्याच सुमारास, १९६४ साली, ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनच्या केनेथ जेमिसन यांनी मागील धमन्यांवरील अ‍ॅन्युरिझमच्या एकोणीस रुग्णांचा अनुभव मांडला. त्यांतील दहा रुग्ण दगावले होते. अशा आकड्यांनंतर हा नाद सोडून द्यावा, असे वाटणे अस्वाभाविक नव्हते. ड्रेक यांच्या स्वतःच्या सुरुवातीच्या रुग्णांतही मृत्यू आणि कायमचे अपंगत्व होतेच. मात्र रुग्ण नेमका कशामुळे दगावला, हा प्रश्न त्यांनी दर वेळी विचारला. हळूहळू उत्तर स्पष्ट झाले. घातक ठरत होत्या त्या बॅसिलरच्या टोकामागून निघून थॅलॅमस आणि मध्यमेंदूला जाणाऱ्या केसासारख्या बारीक धमन्या. क्लिप फुग्यावर अचूक बसली, पण तिच्या पात्यांत यांतली एखादी शाखा अडकली, तर फुगा बंद होऊनही रुग्ण शुद्धीवर येत नसे. या शाखा फुग्याच्या मागे दडलेल्या असल्याने पुढून दिसतही नाहीत. प्रत्येक शाखा डोळ्यांनी पाहून, फुग्यापासून सोडवून, मगच क्लिप बंद करायची हा नियम यातून पुढे आला. आज तो इतका स्वयंसिद्ध वाटतो की त्यामागे किती रुग्णांचे प्राण गेले याचा विसर पडतो.

सूक्ष्मदर्शक आणि खिडकीची क्लिप

प्रारंभीच्या शस्त्रक्रिया भिंगाचा चष्मा आणि कपाळावरील दिव्याच्या साहाय्याने होत. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक मेंदूशल्यचिकित्सेत आला; झुरिचमध्ये गाझी याशारगिल यांनी या सूक्ष्मशल्यतंत्राला शास्त्रशुद्ध रूप दिले. अंधाऱ्या फटीत आता भरपूर प्रकाश पडू लागला आणि बारीक शाखा अनेक पटींनी मोठ्या दिसू लागल्या. ड्रेक यांनी हे साधन आपलेसे केले, पण मार्ग मात्र आपला जुना, शंखखंडाखालचाच ठेवला. याशारगिल पुढच्या बाजूने, कपाळ व कानशील यांच्या सांध्याजवळून जात. कोणता मार्ग चांगला यावर दोन्हीकडच्या शिष्यांनी पुढे बरीच चर्चा केली. ज्या फुग्याचे तोंड मागे वळलेले असते तिथे बाजूने गेल्यास मागच्या शाखा अधिक नीट दिसतात, हा ड्रेक यांच्या बाजूचा मुख्य मुद्दा, आणि तो आजही मान्य आहे.

१९६९ साली त्यांनी पात्याच्या मुळाशी गोल खिडकी असलेली क्लिप तयार करवून घेतली. अडचण अशी होती की बाजूने जाताना मेंदूच्या मागील भागाला जाणारी मोठी धमनी फुग्याच्या मानेपुढे आडवी येई. साधी क्लिप लावायची तर ती धमनीही तिच्यात चिमटली जाई. नव्या क्लिपच्या खिडकीतून ही धमनी सुखरूप वाहती राहते आणि पुढची पाती पलीकडच्या मानेवर मिटतात. एका विशिष्ट जागेच्या अडचणीसाठी काढलेली ही युक्ती पुढे मेंदूतील इतर धमन्यांवरील अ‍ॅन्युरिझमसाठीही उपयोगी पडली. अनेक कंपन्या ती निरनिराळ्या आकारांत बनवतात व जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत ती वापरली जाते.

नाजूक क्षणी फुगा फुटू नये म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांकरवी रुग्णाचा रक्तदाब काही काळ जाणूनबुजून खूप खाली आणवण्याची रीत ड्रेक यांनी दीर्घकाळ पाळली. दाब उतरला की ताठ फुगा मऊ पडतो. नंतरच्या काळात मुख्य धमनीवर थोडा वेळ तात्पुरती क्लिप लावण्याची पद्धत रूढ झाल्याने ही रीत मागे पडली.

महाकाय अ‍ॅन्युरिझम

लहान फुग्याला मान असते. महाकाय फुग्याला ती अनेकदा नसते. धमनीचा एक लांब तुकडाच फुगलेला असतो, आत जुन्या रक्ताच्या गुठळ्या साठलेल्या असतात आणि भिंत जागोजागी चुन्यासारखी कडक झालेली असते. असा फुगा फुटण्याचे भय असतेच, शिवाय तो एखाद्या गाठीप्रमाणे शेजारच्या मेंदूवर व नसांवर दाब देतो. दृष्टी जाणे, गिळता न येणे, हातपाय लुळे पडणे अशी लक्षणे दिसू लागतात. लक्षणे दिसू लागलेल्या रुग्णाला उपचाराविना सोडले, तर थोड्याच वर्षांत मृत्यू किंवा गंभीर अपंगत्व येण्याची शक्यता मोठी. शस्त्रक्रिया धोक्याची आणि न करणेही धोक्याचे, अशी ही कोंडी होती.

ज्यांवर क्लिप बसूच शकत नाही अशा फुग्यांसाठी ड्रेक यांनी एका जुन्या तत्त्वाचा आधार घेतला. १७८५ साली इंग्लंडमधील लंडन येथे जॉन हंटर यांनी एका घोडागाडीवानाच्या गुडघ्यामागील अ‍ॅन्युरिझमवर उपचार करताना फुग्याला हात न लावता त्याच्या वरच्या बाजूला, मांडीतच धमनी बांधली होती. रक्ताचा जोर ओसरला की फुगा आत गोठून आकसतो, आणि पायाला रक्त आडवाटेच्या धमन्यांतून पोहोचत राहते. पाय आणि मेंदू यांत अर्थातच महदंतर आहे. मस्तिष्कस्तंभाला रक्त पुरवणारी धमनीच बांधायची ही कल्पना अनेकांना साहसाची वाटली.

ड्रेक यांनी ते साहस आंधळेपणाने केले नाही. मेंदूच्या तळाशी पुढील व मागील रक्तपुरवठ्याला जोडणाऱ्या दोन संयोजक धमन्या असतात. काहींच्या जाड, तर काहींच्या सुतासारख्या बारीक. त्या जाड असतील तर बॅसिलर बंद केल्यावरही मागच्या भागाला रक्त मिळते. ज्यांच्याबाबत खात्री नसे त्यांच्यासाठी ड्रेक धमनीभोवती एक फास बसवत आणि त्याची टोके बारीक नळीतून त्वचेबाहेर काढून ठेवत. भूल उतरून रुग्ण पूर्ण जागा झाला, बोलू लागला, की फास थोडा थोडा आवळायचा. बोलणे, डोळे, हातापायांची ताकद यांवर लक्ष ठेवायचे. बिघाड दिसताच फास सैल करायचा. शस्त्रक्रियेचा निर्णायक क्षण अशा रीतीने शस्त्रक्रियागृहातून रुग्णाच्या खाटेपाशी आला, आणि निर्णय त्याच्या जागेपणी घेतला जाऊ लागला.

१९७५ साली त्यांनी या पद्धतीवर निबंध लिहिला. १९७९ साली १७४ महाकाय अ‍ॅन्युरिझमच्या रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. एका केंद्रातून आलेली एवढी मोठी संख्या त्या काळी अपूर्व होती. मणकाधमनी वा बॅसिलर धमनी हेतुपूर्वक बंद केलेल्या २०१ रुग्णांचे तात्काळ व दूरगामी निकाल १९९३ साली, तर पुढील धमन्यांवरील १६० महाकाय अ‍ॅन्युरिझमवर याच तत्त्वाने केलेल्या उपचारांचे निकाल १९९४ साली प्रसिद्ध झाले. पुढील धमन्यांच्या बाबतीत सुमारे नव्वद टक्के रुग्णांची स्थिती समाधानकारक राहिली. मागील धमन्यांबाबत निकाल इतके चांगले नव्हते, आणि तेही त्यांनी उघडपणे मांडले.

निकालांची नोंद

शस्त्रक्रियेच्या लेखांत यशस्वी प्रकरणे सविस्तर आणि अयशस्वी प्रकरणे एका ओळीत, ही खोड जुनी आहे. ड्रेक यांच्या लेखांत प्रमाण बहुधा उलटे असे. प्रत्येक रुग्णाचा निकाल उत्तम, चांगला, वाईट किंवा मृत्यू अशा रकान्यात पडे; वाईट निकालामागे रोगाची तीव्रता होती, निर्णय चुकला होता की हात चुकला होता, हे ते लिहीत. अमेरिका-कॅनडातूनच नव्हे तर इतर देशांतूनही कठीण रुग्ण लंडनला पाठवले जाऊ लागले, त्यामागे हा विश्वासही होता. शिकायला येणाऱ्या तरुण डॉक्टरांना यशाच्या चित्रफितींपेक्षा या नोंदींचा उपयोग अधिक झाला असावा.

१९७०च्या दशकात सिडनी पीअरलेस त्यांचे सहकारी झाले. पुढे फिनलंडचे युहा हेर्नेसनिएमी यांनी जुन्या नोंदी तपासून संकलित करण्यात मोठा वाटा उचलला. या तिघांनी लिहिलेला, मागील धमन्यांवरील अ‍ॅन्युरिझमच्या १,७६७ रुग्णांचा ग्रंथ १९९६ साली प्रसिद्ध झाला. चार रुग्णांच्या निबंधापासून येथवर पस्तीस वर्षे लागली.

याखेरीज कानाच्या नसेवरील मोठ्या गाठी पूर्णपणे काढताना चेहऱ्याची नस वाचवण्याचे तंत्र (१९६७) आणि मेंदूतील धमनी-शिरांच्या जन्मजात गुंत्यांवरील १६६ रुग्णांचा अभ्यास (१९७९) हेही त्यांचे उल्लेखनीय काम होय.

संस्थात्मक कार्य

१९७२ साली लंडनमध्ये विद्यापीठाचे नवे रुग्णालय सुरू झाल्यावर ड्रेक यांचे काम तेथे हलले. मेंदुविकारतज्ज्ञ हेन्री बार्नेट यांच्यासह त्यांनी औषधोपचार करणारे आणि शस्त्रक्रिया करणारे अशा दोन्ही शाखांना एकाच विभागात आणले. एरवी या दोन शाखांचे डॉक्टर एकाच रुग्णाकडे दोन दिशांनी पाहत असत. येथे ते एकाच फेरीत एकत्र असत.

ड्रेक हे कॅनडाच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सचे (१९७१–७३), मेंदूशल्यचिकित्सकांच्या जागतिक महासंघाचे (१९७७–८१) आणि अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सचे (१९८४–८५) अध्यक्ष होते. त्यांना ऑर्डर ऑफ कॅनडा हा सन्मान मिळाला.

जागतिक महासंघाच्या समितीने त्यांच्या नेतृत्वाखाली १९८८ साली अ‍ॅन्युरिझम फुटलेल्या रुग्णांसाठी पाच श्रेणींची एक सोपी मोजपट्टी दिली. ग्लासगो मोजपट्टीवर १५ गुण आणि लुळेपणा नाही तर पहिली श्रेणी. १३ ते १४ गुण व लुळेपणा नसल्यास दुसरी, असल्यास तिसरी. ७ ते १२ गुणांना चौथी आणि ३ ते ६ गुणांना पाचवी. बॉटरेल यांनी रुजवलेली कल्पना अशा रीतीने तीन दशकांनी त्यांच्या शिष्याच्या हातून जगभर गेली. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ड्रेक यांचे नाव कदाचित ठाऊक नसेल, परंतु ही श्रेणी रुग्णाच्या कागदावर लिहिण्याची वेळ त्याच्यावर येतेच.

भारतातील समकालीन

ड्रेक लंडनमध्ये काम सुरू करत होते त्याच सुमारास भारतातही ही शाखा मूळ धरत होती. वेल्लोर येथे १९४९ साली जेकब चँडी यांनी आणि मद्रासमध्ये १९५० साली बी. राममूर्ती यांनी विभाग सुरू केले. मुंबईत राम गिंडे आणि केईएम रुग्णालयात होमी दस्तूर यांनी पाया घातला. चँडी व गिंडे हे दोघेही कॅनडातच, माँट्रियल येथे वाइल्डर पेनफिल्ड यांच्या संस्थेत शिकले होते. भारतीयांमध्ये मेंदूतील अ‍ॅन्युरिझमचे प्रमाण पाश्चात्त्यांपेक्षा खरोखर कमी आहे की काय, या प्रश्नाकडे राममूर्ती यांनी १९६९ साली एका निबंधाद्वारे जगाचे लक्ष वेधले. निदानाची साधने वाढली तसे येथील रुग्णही अधिक संख्येने समोर आले.

अखेरची वर्षे आणि नंतर

ड्रेक यांच्या हयातीतच उपचाराची दिशा बदलू लागली होती. १९९१ साली इटलीचे ग्विदो गुग्लिएल्मी यांनी कवटी न उघडता, मांडीतील धमनीतून नळी सरकवत नेऊन प्लॅटिनमच्या तारेच्या वेटोळ्यांनी फुगा आतून भरण्याचे तंत्र प्रसिद्ध केले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, २,१४३ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत एका वर्षानंतर मृत किंवा परावलंबी राहिलेल्यांचे प्रमाण वेटोळ्यांच्या गटात २३.७ टक्के, तर क्लिपच्या गटात ३०.६ टक्के आढळले. या चाचणीत मागील धमन्यांचे रुग्ण मात्र तीन टक्क्यांहूनही कमी होते. बहुतेक डॉक्टरांनी ते आधीच वेटोळ्यांकडे वळवले होते, हे त्यामागील एक कारण. बॅसिलरच्या टोकावरील बहुसंख्य अ‍ॅन्युरिझमवर आज याच मार्गाने उपचार होतात. रुंद मानेचे, गुठळ्यांनी भरलेले महाकाय फुगे मात्र वेटोळ्यांनाही सहजी दाद देत नाहीत. अशा रुग्णाची धमनीच बंद करावी का, आणि केली तर मेंदू ते सोसेल का, हे ठरवताना लंडनच्या त्या २०१ रुग्णांचे निकाल अजूनही पाहिले जातात.

१,७६७ रुग्णांचा ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर दोन वर्षांनी, १५ सप्टेंबर १९९८ रोजी, फुप्फुसाच्या कर्करोगाने ड्रेक यांचे निधन झाले. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते.